ओसरीवरून : हंगामापूर्वीची हार

रविवारची मिस्सा आटोपली म्हणजे आमच्या ओसरीवर दुसरी एक सभा भरते, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांस ठाऊक आहे. पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, सांवेरच्या बाजारातील महागाई, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाची म्हैस आटली, असे नाना विषय तेथे निघतात आणि चहाच्या कपाबरोबर मिटतात. परंतु गेले तीन रविवार तेथे एकाच विषयाने ठाण मांडले आहे. तो विषय म्हणजे आपल्या मुलांचा बास्केटबॉलचा संघ.

हकीकत अशी. दरवर्षी नाताळापूर्वी आजूबाजूच्या धर्मग्रामांतील मुलांचे सामने होतात. गेली दोन वर्षे आपला संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. यंदा सोयाबीनची कापणी उरकताच मुलांनी सरावास आरंभ केला, आणि खऱ्या सामन्यांपूर्वी हात बसावा म्हणून तीन सरावाचे सामने ठरविले. ते तिन्ही आपण हरलो. पहिला तर इतका वाईट हरलो की, पाहावयास गेलेली मंडळी सामना संपण्यापूर्वीच मोटारसायकलींवर बसून परतली.

झाले! ओसरीवर चर्चेला तोंड फुटले. "फादर, हंगाम सुरू होण्याआधीच ही दशा, तर पुढे काय?" एकाने विचारले. दुसरे म्हणाले, "सगळ्यांत उंच मुलगा आपल्याकडे आहे, आणि मास्तर त्यालाच अर्धा सामना बाहेर बसवून ठेवतात. ही कुठली रीत?" तिसऱ्यांनी निकालच देऊन टाकला : "मास्तर बदला, फादर. अजून वेळ आहे."

हे मास्तर म्हणजे एक तिशीच्या आतले गृहस्थ. सांवेरात वीज-दुरुस्तीचे काम करतात. कॉलेजात असताना ते इंदूरला बास्केटबॉल खेळत. आठवड्यातून तीन दिवस, दिवसभराचे काम आटोपून, ते संध्याकाळी मुलांना शिकवावयास येतात. त्याबद्दल ते एक पैसाही घेत नाहीत. पेट्रोलसुद्धा स्वतःचेच जाळतात.

आणि येथे आम्हांस आमचाही दोष कबूल केला पाहिजे. मंडळींचे बोलणे ऐकून आम्ही मान डोलावली. इतकेच नव्हे, तर त्याच दुपारी मास्तरांस फोन करून, जरा चढ्या स्वरातच, "हे असे का होत आहे?" असे विचारले. क्षणभर ते गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, तुम्ही सांगाल तर उद्यापासून येत नाही. पण पोरांना पाय कसे हलवायचे ते आत्ता कुठे कळू लागलंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्हांस इतके लागले नसते. फोन ठेवल्यावर आमच्या ध्यानात आले की, ज्या सरावाविषयी आम्ही जाब विचारीत होतो, तो सराव आम्ही एकदाही पाहिला नव्हता.

म्हणून पुढल्या बुधवारी आम्ही मैदानावर जाऊन बसलो. तेथे जे पाहिले, आणि त्यानंतर जो विचार मनात आला, तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम या खेळाविषयी दोन शब्द. कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांनी तो नीट पाहिलेला नसेल. एका बाजूचे पाच खेळाडू मैदानात असतात. मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद. दोन्ही टोकांस फळ्यावर लोखंडी कडी बसविलेली असते. तिची जमिनीपासून उंची ३.०५ मीटर. चेंडू हाती धरून पळता येत नाही. तो जमिनीवर आपटीत न्यावा लागतो, किंवा सोबत्याकडे द्यावा लागतो. प्रतिपक्षाच्या अंगावर जाऊन धक्काबुक्की केली तर तो अपराध ठरतो. अशा काही अपराधांबद्दल समोरच्या खेळाडूस एका ठरावीक रेषेवरून, कोणाचाही अडथळा नसताना, कडीत चेंडू टाकण्याची संधी मिळते. तिला 'फ्री थ्रो' म्हणतात. ती रेषा फळ्यापासून ४.६ मीटरवर असते. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु दोन्ही गावांचे डोळे आपल्यावर खिळले असता तेथे उभे राहून पाहावे, म्हणजे ४.६ मीटर किती लांब असतात ते कळते!

हा खेळ रानोमाळ आपोआप जन्मलेला नाही. १८९१ सालच्या डिसेंबरात, अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी, ख्रिस्ती तरुणांच्या वाय. एम. सी. ए. या संस्थेच्या शिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या एका शिक्षकाने तो मुद्दाम रचला. नेस्मिथ हे मूळचे कॅनडाचे. त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला होता. कडाक्याच्या हिवाळ्यात तरुणांना घराआड खेळता यावे, व्यायाम व्हावा, पण हातपाय मोडू नयेत, असा त्यांचा हेतू. पीच नावाची फळे भरावयाच्या दोन टोपल्या त्यांनी सज्जाच्या कठड्यास बांधल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि खेळ सुरू केला. टोपल्यांना बूड होते. म्हणून चेंडू आत पडला की कोणीतरी शिडी लावून वर चढावयाचे आणि तो काढून द्यावयाचा. पहिल्या सामन्यात तर सारा मिळून एकच चेंडू टोपलीत पडला.

पुढे हेच नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले व तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्या नामांकित विद्यापीठात त्यांच्यामागून अनेक प्रशिक्षक होऊन गेले; परंतु ज्याच्या हारींची संख्या जितींपेक्षा अधिक, असा प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे हा खेळ ज्याने निर्माण केला तोच! हार-जितीच्या आकड्यावरून माणसाची किंमत ठरवावयास निघालेल्यांनी ही गोष्ट मनात धरून ठेवावी.

आता बुधवारच्या सरावाविषयी. मास्तरांनी पहिली वीस मिनिटे चेंडूस हातच लावू दिला नाही. गुडघे वाकवून, हात पसरून, मुले आडवी सरकत होती. पाय पायावर पडला की पुन्हा आरंभापासून. "हाताने अडवू नका, पायाने अडवा. हात घातला की अपराध होतो," असे ते पुनःपुन्हा बजावीत होते. त्यानंतर त्यांनी नियम घातला की, निदान तीन जणांच्या हातून गेल्याविना कोणी चेंडू कडीकडे फेकावयाचा नाही. उंच मुलाने एकदा मोह आवरला नाही, तर त्याला बाजूस बसविले. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, "फादर, तो आत असला की बाकीचे चौघे उभे राहून त्याच्याकडे बघतात. तो बसला की चौघांना आपापले हातपाय आठवतात. सरावाच्या सामन्यात मी बाराही पोरांना खेळवतो. हरणार हे मला माहीत असतं."

मग त्यांनी खिशातून एक वही काढून दाखविली. तिच्यात तिन्ही सामन्यांच्या नावे रेघा ओढलेल्या होत्या. चेंडू फुकट कितीदा घालविला, हात घालून अपराध किती केले, फ्री थ्रो किती साधले व किती हुकले, याची ती टिपणे होती. पहिल्या पानावर चुकांच्या रेघांची नुसती दाटी. तिसऱ्या पानावर त्या पुष्कळच विरळ. आम्ही सगळे गुणफलक पाहत होतो. मास्तर ही वही पाहत होते. गुणफलकावर तीन पराभव होते. वहीत मुले शिकत होती.

सरावाचा सामना कशासाठी असतो, हे त्या वहीने आम्हांस शिकविले. शेतकरी नवे बियाणे आधी एका वाफ्यात पेरून पाहतो. तेथे काही उगवले नाही तर तो शहाणा होतो. सारे शेत नासत नाही. सरावाचा सामना हा असा वाफा आहे. तेथे प्रशिक्षक नवी रीत लावून पाहतो, दुबळ्या मुलास धीर देऊन उभे करतो, आणि जे मोडावयाचे ते खऱ्या सामन्यापूर्वीच मोडू देतो. तेथे केवळ जिंकण्याचीच सोय पाहिली, तर उंच मुलगा रोज चाळीस मिनिटे खेळेल, बाकीचे अकरा रोज चाळीस मिनिटे पाहतील, आणि खऱ्या सामन्यात उंच मुलाचा पाय मुरगळला की सारा खेळ आटोपेल.

कोणी म्हणेल, "फादर, हे बोलणे चांगले आहे, पण असे प्रत्यक्षात घडते का?" त्यासाठी दूर जावयास नको. बास्केटबॉल जरा बाजूस ठेवू आणि ज्या खेळाविषयी आपल्या घराघरांत बोलणे चालते, त्या क्रिकेटकडे वळू. हे उदाहरण इंदूरचेच आहे, आणि त्यातील प्रशिक्षक मराठी आहेत.

इंदूरच्या होळकर संघाने १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत चार वेळा रणजी करंडक जिंकला. पुढे तो संघ राहिला नाही. मध्य प्रदेशचा संघ आला, आणि करंडक या मातीस पारखा झाला. १९९९ साली तो हातातोंडाशी आला होता. बंगळूरला कर्नाटकाविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. सामना नुसता अनिर्णित राखला असता तरी करंडक मिळाला असता. परंतु शेवटच्या दिवशी डाव कोसळला, आणि संघ ९६ धावांनी हरला. त्या संघाचे कर्णधार होते मुंबईहून आलेले यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित.

हेच पंडित पुढे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली मुंबईने तीनदा रणजी करंडक जिंकला. परंतु जानेवारी २०१७ मध्ये, आपल्या इंदूरच्या होळकर मैदानावर, मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली. त्यानंतर मुंबईने दुसरा प्रशिक्षक नेमला. पंडित विदर्भाकडे गेले. विदर्भाने तोपर्यंत करंडक कधीच जिंकला नव्हता. एक वर्षही पुरे उलटले नाही, तोच त्याच होळकर मैदानावर पुन्हा अंतिम सामना झाला, आणि २०१८ सालच्या पहिल्याच दिवशी विदर्भाने दिल्लीस नऊ गडी राखून हरविले! पुढल्या वर्षीही करंडक विदर्भाकडेच राहिला.

आता आपल्या प्रदेशाची गोष्ट ऐका. २०२० साली पंडित मध्य प्रदेशचे प्रशिक्षक झाले. लोकांनी मोठ्या आशा बांधल्या. महामारीमुळे त्या हंगामात रणजी स्पर्धाच झाली नाही. एकदिवसीय सामने मात्र झाले. २० फेब्रुवारी २०२१ रोजी, पुन्हा याच होळकर मैदानावर, झारखंडच्या संघाने मध्य प्रदेशविरुद्ध ४२२ धावा काढल्या. एकट्या इशान किशनने १७३ केल्या. उत्तरादाखल मध्य प्रदेशचा सारा संघ ९८ धावांत बाद झाला. हार ३२४ धावांची! आपल्या ओसरीवरील मंडळी त्या दिवशी त्या मैदानावर असती, तर सूर्य मावळण्यापूर्वी त्यांनी प्रशिक्षकाची बोळवण केली असती.

सुदैवाने तसे झाले नाही. सोळा महिन्यांनी, २६ जून २०२२ रोजी, मध्य प्रदेशने मुंबईस सहा गडी राखून हरविले आणि रणजी करंडक प्रथमच जिंकला. मुंबईने तोवर तो ४१ वेळा जिंकलेला होता! मध्य प्रदेशच्या पहिल्या डावात तिघांनी शतके काढली : यश दुबे १३३, रजत पाटीदार १२२ आणि शुभम शर्मा ११६. यांपैकी पाटीदार तर आपल्या इंदूरचाच मुलगा. मैदान कोणते? तेच बंगळूरचे, जेथे तेवीस वर्षांपूर्वी कर्णधार पंडित हरले होते. खेळाडूंनी त्यांना खांद्यावर घेतले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

यावरून पंडित हे जादूगार आहेत, असे कोणी समजू नये. कोलकात्याच्या आय. पी. एल. संघाचे ते प्रशिक्षक होते. त्या संघाने २०२४ साली विजेतेपद मिळविले. पुढल्याच वर्षी तो आठव्या स्थानावर घसरला, आणि दोघांची वाट वेगळी झाली. माणूस तोच, रीत तीच; एका वर्षी फळ आले, दुसऱ्या वर्षी नाही. प्रशिक्षक मशागत करू शकतो. पाऊस त्याच्या हाती नसतो.

मग आपण बाहेर उभे असलेल्यांनी काय करावे? संघावर प्रेम करणाऱ्याने काळजीच करू नये काय? अवश्य करावी. ज्याला काळजी वाटत नाही, तो ओसरीवर येऊन बोलणारही नाही. परंतु काळजी दोन प्रकारची असते. एक दुरून बोट दाखविते, आणि दुसरी जवळ येऊन हात लावते. दुसऱ्या प्रकारची काळजी कशी असते, ते एका धर्मभगिनीच्या चरित्रातून पाहावे.

अमेरिकेतील शिकागो शहरी येशूसंघीयांचे लोयोला विद्यापीठ आहे. तेथील बास्केटबॉल संघाने १९६३ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. त्यानंतर मात्र उतरती कळा लागली. १९९४ पासून सिस्टर जीन या वृद्ध धर्मभगिनी त्या संघाच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या. तरुणपणी त्या स्वतः हा खेळ खेळल्या होत्या. २०११ साली पोर्टर मोझर नावाचे नवे प्रशिक्षक आले. यापूर्वी एका विद्यापीठाने त्यांस काढून टाकले होते. पहिल्याच दिवशी त्यांना आपल्या मेजावर सिस्टर जीन यांनी तयार केलेली टिपणे मिळाली : प्रत्येक खेळाडूचे बळ कशात आहे आणि उणे कशात आहे, याची. त्या हंगामात संघाने ७ सामने जिंकले आणि २३ गमावले. तिसऱ्या हंगामात १० जिंकले, २२ गमावले. सिस्टर जीन यांनी सामन्यास येणे सोडले नाही. प्रत्येक सामन्यानंतर त्या खेळाडूंस पत्र लिहीत. त्यात प्रार्थना असे, शाबासकी असे, आणि कोणाचे कोठे चुकले हेही स्पष्ट असे. २०१८ साली, त्या ९८ वर्षांच्या असता, हा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत जाऊन पोहोचला. तेथे तो हरला; विजेतेपद मिळाले नाही. तरी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या त्या माऊलीचे नाव जगभर झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये, १०६ वर्षांच्या होऊन, त्या देवाघरी गेल्या.

वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सिस्टर जीन दोष दाखवीत नव्हत्या असे नाही. दोष त्या खेळाडूच्याच कानी घालीत; पारावर बसून नव्हे. आणि हे त्या २३ पराभवांच्या वर्षीही करीत होत्या. विजयाच्या वर्षी टाळ्या वाजविणारे पुष्कळ मिळतात.

धीर धरणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. प्रशिक्षकास प्रश्न विचारण्याचा आईबापांस हक्क आहे. आमच्या मते तीन प्रश्न अवश्य विचारावेत. तो वेळेवर येतो काय? दुबळ्या मुलासही तो संधी देतो काय? आणि मुलाची चूक तो त्याचा अपमान न करता त्याला समजावून सांगतो काय? या तिहींपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर सामने जिंकत असला तरी तो प्रशिक्षक बदलावा. तिहींचे उत्तर 'होय' असेल, तर सामने हरत असला तरी त्याला मुदत द्यावी.

शुभवर्तमानात प्रभू येशूने अंजिराच्या झाडाचा दाखला दिला आहे. मळ्याचा धनी तीन वर्षे फळ पाहावयास येतो आणि रिकाम्या हाती परततो. तोडून टाक, असे तो माळ्यास सांगतो. धन्याचे म्हणणे चुकीचे होते असे प्रभू म्हणत नाही. तीन वर्षे म्हणजे काही थोडा काळ नव्हे. परंतु माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो, आणि नुसती मुदत मागून थांबत नाही. झाडाभोवती खणीन, खत घालीन, असे वचन देतो. आपण या दाखल्यातील धन्याची भूमिका फार लवकर घेतो. फळ कोठे आहे, असे विचारावयास कोणासही कष्ट पडत नाहीत. खोरे हाती घेणारा माळी मात्र शोधावा लागतो. आणि आपणा प्रत्येकासाठी त्या स्वर्गीय धन्यापाशी अशी मुदत कोणीतरी मागून घेतली आहे, हे आपण विसरतो.

ही गोष्ट केवळ मैदानापुरती नाही. शाळेतील पहिल्या चाचणीचे गुण पाहून 'हा काही शिकावयाचा नाही' असे म्हणणारे बाप आम्ही पाहिले आहेत. नव्या सुनेची पहिली भाकरी करपली म्हणून तिच्या माहेरचा उद्धार करणाऱ्या सासवाही पाहिल्या आहेत. 'पी हळद अन् हो गोरी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही.

आता ज्या गोष्टीमुळे आम्ही आज मुळात लेखणी उचलली, ती सांगतो. तिसऱ्या सामन्याच्या अगदी शेवटी आपल्या संघातील सर्वांत लहान मुलास दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही हुकले. घरी परतताना त्याच्या वडिलांनी चारचौघांदेखत त्याला नको नको ते ऐकविले. त्यानंतर तो सरावास आला नाही. पुढल्या रविवारी वेदीसेवक म्हणून त्याची पाळी होती. तेथेही तो आला नाही. वेदीपाशी त्याची जागा रिकामी पाहून आमचे मन चरकले. कडीत चेंडू न पडल्यामुळे एक मूल देवाच्या वेदीपासून दूर राहिले! हार ती नव्हे जी फळ्यावर लिहिली होती. खरी हार ही होती.

आम्ही त्याच्या घरी गेलो. मुलगा गोठ्यात जाऊन बसला. वडील ओशाळले होते. पुष्कळ वेळ ते गव्हाच्या पेरणीविषयीच बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "फादर, त्या दिवशी लोक हसले. मला सहन झालं नाही. मी त्याच्यावर काढलं." आम्ही त्यांना उपदेश केला नाही. आम्ही मास्तरांस केलेल्या फोनची हकीकत तेवढी सांगितली, आणि मास्तरांची क्षमा मागावयास आम्ही बुधवारी मैदानावर जाणार आहोत, असे कळविले.

त्या बुधवारी आम्ही मास्तरांची क्षमा मागितली. त्यांनी हसून विषय बदलला आणि एक अडचण सांगितली. फळ्यामागे कुंपण नसल्यामुळे हुकलेला चेंडू दर वेळी पलीकडच्या वावरात जातो, आणि तो आणण्यात मुलांचा अर्धा वेळ मोडतो. आम्ही हे बोलत आहोत, तोच बापलेक दोघेही येताना दिसले. मुलगा कोणाकडे न पाहता रांगेत जाऊन उभा राहिला. वडील थोडा वेळ बाजूस थांबले. मग चेंडू वावरात गेला, तेव्हा धोतर खोचून ते त्याच्या मागे गेले, आणि अंधार पडेपर्यंत तेच काम करीत राहिले. मुलाने त्या संध्याकाळी तीस-चाळीस फ्री थ्रो टाकले असतील. कित्येक हुकले. वडील प्रत्येक चेंडू परत आणून देत होते, आणि मुखावाटे एक शब्दही काढीत नव्हते.

आम्हांस नेस्मिथ गुरुजींच्या पहिल्या खेळातील तो शिडीवाला आठवला. त्याचे नाव आम्हांस ठाऊक नाही. परंतु तो वर चढून चेंडू काढून देत नसता, तर खेळ पुढे चालला नसता.

नाताळापूर्वीचे सामने अद्याप व्हावयाचे आहेत. आपला संघ जिंकेल की हरेल, हे आम्ही सांगू शकत नाही, आणि मास्तरही सांगत नाहीत. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना धावणाऱ्यांचे उदाहरण दिले आहे. सारे धावतात, पण बक्षीस एकालाच मिळते; आणि तेही कोमेजणारे. न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी जी तयारी करावयाची, तिच्यात आपणांपैकी प्रत्येकजण अजून सरावाच्याच सामन्यात आहे. तेथे आपले किती फ्री थ्रो हुकले, याची वही प्रभूपाशी आहे. आणि रेघा विरळ होत आहेत की नाहीत, हेच तो कृपाळूपणे पाहतो, असा आमचा विश्वास आहे.

तोपर्यंत ओसरीवरील सभासदांस एक विनंती. मास्तर बदलण्याचा ठराव तूर्त बाजूस ठेवावा. त्याऐवजी येत्या बुधवारी, दिवस मावळण्यापूर्वी, ज्यास जमेल त्याने मैदानावर यावे. फळ्यामागे जाळी लावावयाची आहे. चार बांबू, थोडी तार आणि दोन खोरी लागतील. चहा आमच्याकडून.